मुलांच्या दातांना तारा लावायच्यात? पैसे नेमके कशाचे लागतात ते आधी बघा

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर दर दोनेक महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, "तारा लावायला साधारण किती लागतात?" आणि मग उत्तरं येतात ती अशी की एकजण म्हणतो आमचं पंचवीस हजारात झालं, दुसरी म्हणते आम्हाला ऐंशी सांगितलेत, तिसरा कुठल्यातरी पारदर्शक ट्रेचे दोन लाख सांगतो, आणि विचारणारी आई बिचारी आणखीनच गोंधळते. गंमत म्हणजे हे तिन्ही आकडे खरे असू शकतात. कारण तिघांनी घेतलेली वस्तूच वेगळी आहे.

आकडे आधी देऊन टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल किंवा पडणार नाही. पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर असल्या शहरांत खासगी दवाखान्यात साध्या स्टीलच्या तारांचे साधारण ३० ते ६० हजार, तालुक्याच्या गावी २० ते ३५ हजारांतही होतं, मुंबईत भारी एरियात ६० च्या वरही जातं. दाताच्या रंगाच्या, म्हणजे सिरॅमिकच्या, ४५ ते ९० हजार. सेल्फ लायगेटिंग नावाचा प्रकार ६० हजारांपासून सव्वा लाखापर्यंत. दाताच्या आतल्या बाजूने लावतात त्या लिंग्वल तारा लाखाच्या पुढेच, आणि मुलांसाठी त्या कोणी सहसा सुचवतही नाही. अलाइनर म्हणजे ते पारदर्शक काढता-घालता येणारे ट्रे, देशी कंपनीचे ६० हजार ते दीड लाख, परदेशी कंपनीचे दोन ते चार लाख. हे सगळे अंदाज आहेत, तुमच्या गल्लीतला डॉक्टर यापेक्षा कमी-जास्त सांगू शकतो.

आता मुद्द्याचं. दातावर चिकटवतात त्या छोट्या चौकोनी ब्रॅकेट्सचा साधा स्टीलचा अख्खा सेट डॉक्टरला काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत मिळतो. तार तर त्याहून स्वस्त. मग उरलेले पैसे कशाचे? तर दीड-दोन वर्षं दर महिन्याला ते पोर खुर्चीत बसणार, डॉक्टर तोंडात बघून ठरवणार की यावेळी कुठला दात किती ओढायचा, कुठली तार बदलायची, कुठे थांबायचं, त्या सगळ्या निर्णयांचे. म्हणून "अमुक ठिकाणी तीच तार दहा हजारांनी स्वस्त" ही तुलना मला फारशी पटत नाही. तार तीच असेल हो, हात तोच आहे का?

दात सरकतात कसे हे थोडं कळलं की वेळ का लागतो तेही कळतं. दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो, मुळाभोवती बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो आणि त्याच्या आधाराने दात हाडाच्या खोबणीत टांगलेला असतो. एका बाजूने हलका पण सतत दाब दिला की ज्या बाजूला दात ढकलला जातो तिथलं हाड शरीर स्वतःच विरघळवतं, आणि मागे जी जागा सुटते तिथे नवीन हाड भरतं. तारेचं काम एवढंच, तो हलका दाब सतत ठेवणं. सुरुवातीला जी तार घालतात ती निकेल आणि टायटॅनियमची असते, तिला कितीही वाकवा, ती आपल्या मूळ आकाराला परत येऊ बघते आणि येता येता दातांना ओळीत ओढते. नंतर जाड स्टीलची तार येते.

या सगळ्याचा वेग महिन्याला साधारण एक मिलीमीटर. जास्त जोर लावला तर लवकर होईल असं नाही, उलट दुखतं आणि मुळं झिजायची भीती वाढते. आता हिशोब करा, उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्या मधला दात) काढली तर साधारण सात मिलीमीटरची जागा होते, ती भरायलाच सात-आठ महिने गेले, त्याआधी दात ओळीत आणायला चार-सहा महिने, शेवटी वरचे-खालचे नीट एकमेकांत बसवायला आणखी चार-सहा. झाले की दीड-दोन वर्षं. "सहा महिन्यांत सरळ दात" असं बोर्डावर लिहिलेलं दिसलं तर विचारा, नक्की कुठले दात. पुढचे चार-सहा दात दिसायला सरळ करणं लवकर होतं, चावा नीट बसवणं होत नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येऊ, वय. आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक म्हणजे "अजून दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, कशाला बघायचं", आणि दुसरं "आठ वर्षांची झाली, दात वाकडे आलेत, आत्ताच लावून टाका तारा". दोन्ही चूक.

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर लोकांच्या संघटनेचा सल्ला आहे की सातव्या वर्षापर्यंत एकदा मुलाला दाखवून घ्या. दाखवून घ्या, लावून घ्या नाही. सातच का, तर सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते, पुढचे पटाशीचे कायमचे दात यायला लागतात, आणि जबडा कुठल्या दिशेने वाढतोय ते जाणकार डोळ्याला दिसायला लागतं. बहुतेक मुलांना त्या वेळी "वर्षाने या" एवढंच सांगतात आणि ते चांगलंच आहे.

या वयात पालक घाबरतात अशा दोन गोष्टी आहेत ज्यात बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. पहिली, खालचे नवीन दात दुधाच्या दातांच्या मागून येतात आणि दोन रांगा दिसतात. दुधाचा दात हलत असेल तर तो पडतो आणि जीभ मागच्याला हळूहळू पुढे ढकलते. हलतच नसेल तर डेंटिस्टकडून काढून घ्यायचा, विषय संपला. दुसरी, सात ते दहाच्या दरम्यान वरच्या दोन पुढच्या दातांत फट पडते आणि दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात. डॉक्टर लोक याला अग्ली डकलिंग स्टेज म्हणतात. वरून सुळे खाली उतरत असतात, ते बाजूच्या दातांच्या मुळांवर दाबतात म्हणून हे होतं, आणि अकरा-बाराव्या वर्षी सुळे जागेवर आले की बहुतेक मुलांची फट आपोआप मिटते. त्या काळात रबर लावून फट बंद करायची घाई कोणी करत असेल तर जरा थांबा आणि दुसऱ्याला विचारा.

मग लवकर कशात करावं लागतं? एक, वरचा जबडा अरुंद असेल आणि चावताना मागचे वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील तर. टाळूच्या मधोमध हाडाचा एक सांधा असतो, तो लहानपणी पक्का जुळलेला नसतो, त्यामुळे एक्स्पांडर नावाचं स्क्रूचं यंत्र बसवून जबडा रुंद करता येतो. आई-बाबांनी घरी छोटी चावी फिरवायची, एका फिरवण्यात साधारण पाव मिलीमीटर. चौदा-पंधरा वयानंतर तो सांधा जुळत जातो आणि मग हेच काम अवघड होऊन बसतं. दोन, खालचा जबडा पुढे आणि वरचा मागे राहिलेला असेल, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तर साधारण दहाव्या वर्षाच्या आतच फेसमास्क, म्हणजे कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी बाहेरची चौकट, लावून वरचा जबडा पुढे ओढतात. ही केस "मोठा झाला की बघू" म्हणून सोडली तर पुढे अठरानंतर जबड्याच्या ऑपरेशनशिवाय मार्ग राहत नाही असंही होतं. तीन, अंगठा चोखणं सहा-सात वयानंतरही सुटत नसेल, किंवा मूल कायम तोंडाने श्वास घेत असेल. यात आधी नाक-कान-घसावाल्याकडे जायचं, अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेत का बघायचं, कारण श्वास तोच राहिला तर तारा लावून काय उपयोग.

आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यात स्वस्त आहे आणि जिच्याकडे आपण सगळ्यात कमी बघतो, ती म्हणजे दुधाच्या दाढा. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी असते. ती किडून सातव्या वर्षी काढली की मागची कायमची दाढ पुढे सरकून ती जागा खाते, आणि खाली वाट बघत बसलेल्या उपदाढेला यायला जागाच राहत नाही. मग तेराव्या वर्षी तारा. दोन-पाच हजारांत स्पेस मेंटेनर नावाची एक छोटी रिंग आणि तार बसवून ती जागा राखता येते. "दुधाच्या दाताला कशाला रूट कॅनल" म्हणून हसणारे काका-मामा सगळ्यांच्या घरी असतात, त्यांना हे सांगा.

बाकी जे सर्वात कॉमन आहे, वरचे दात पुढे, त्यात मात्र आठव्या वर्षीच सुरू करा की बाराव्या यावर खुद्द डॉक्टरांतही मतं वेगळी आहेत. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये यावर मोठ्या चाचण्या झाल्यात, आणि त्यातून निघालं ते असं की लवकर सुरू केलेल्या आणि थांबून एकदाच केलेल्या मुलांचे दात शेवटी जवळपास सारखेच दिसतात. फरक एकच, लवकर केलेल्या मुलांचे पुढचे दात पडून-धडपडून फुटायचं प्रमाण कमी. त्यामुळे मूल दिवसभर सायकल आणि फुटबॉलवर असेल, दात खूपच पुढे असतील, किंवा शाळेत चिडवून चिडवून रडवत असतील तर लवकर करण्यात अर्थ आहे. नाहीतर डॉक्टरला सरळ विचारायचं, आत्ताच का, दोन वर्षांनी केलं तर काय बिघडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नाला चिडत नाही.

खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखी प्लेट देतात, वर एक, खाली एक, दोन्ही मिळून खालचा जबडा पुढे धरून ठेवतात. ही वाढीच्या झपाट्यात घातली तर फायदा, म्हणजे मुलींत साधारण दहा ते बारा आणि मुलांत बारा ते चौदा. मुलींचा तो काळ लवकर येऊन निघून जातो हे लक्षात ठेवा. डॉक्टर चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढतात त्यात मानेच्या मणक्यांच्या आकारावरून उंची वाढायची किती बाकी आहे याचा अंदाज येतो. प्लेट जवळजवळ दिवसभर घालायची असते, आणि आपली पोरं ती कंपासपेटीत ठेवतात. तिथेच अर्धी ट्रीटमेंट वाया जाते.

आता "दहावी झाली की करू". अतिशय लाडकं वाक्य. फक्त दात वाकडे आहेत, जबडा ठीक आहे, तर दहावीनंतर केलं तरी चालतं, तिशीतही चालतं. पण जबड्याचा प्रश्न असेल तर दहावीपर्यंत मुलीची वाढ जवळपास संपलेली असते. खरं सांगायचं तर तारांमुळे अभ्यास बुडत नाही, नवीन तार घातली की दोन-चार दिवस दुखतं तेवढंच, फक्त बोर्डाच्या पेपरच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेऊ नका. आणि "मुलगी आहे, लग्नाच्या आत करून घ्या" हे जे आत्या लोक म्हणतात त्यावर काय बोलणार, मुलाचे दात वाकडे असले तरी तोही जेवतोच ना.

दहा वर्षांचं मूल असेल तर आणखी एक तपासून घ्या, वरचे सुळे. हिरडीवर बोट फिरवलं की दहाव्या वर्षाच्या आसपास वर टेंगळासारखे लागायला हवेत. लागत नसतील तर एक्स-रे. कधीकधी सुळा टाळूच्या बाजूला आडवा जाऊन अडकतो. वेळेत कळलं तर नुसता दुधाचा सुळा काढल्यावरही बरेचदा तो वाट सुधारतो, उशिरा कळलं तर हिरडी उघडून त्याला साखळीने खाली ओढावं लागतं, म्हणजे ऑपरेशनचा खर्च वेगळा आणि वेळ सहा महिने ते वर्ष जास्त.

दात काढण्याबद्दल. जागाच नसेल तर चार चांगल्या उपदाढा काढायला सांगतात आणि घरात भूकंप होतो. आजी म्हणते वरचा दात काढला की डोळे जातात. नाही जात, दाताच्या नसांचा आणि नजरेचा संबंध नाही. प्रश्न विचारायचा तो वेगळा, काढल्याशिवाय होईल का, आणि न काढता केलं तर ओठ किती पुढे येतील. काही केसमध्ये दोन दातांच्या मध्ये किंचित घासून किंवा हाडात छोटा स्क्रू लावून सगळे दात मागे ओढून भागतं, काहींत नाही. दोन डॉक्टर दोन वेगळे प्लॅन सांगू शकतात आणि दोघंही बरोबर असू शकतात, म्हणून दुसरं मत घ्यायला लाजू नका. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, आणि तो बाजूचा एक्स-रे एकदा काढला की त्याची कॉपी मागून घ्या, परत काढायला नको.

डॉक्टर कोण हे बघणं फार महत्त्वाचं. बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षं, त्यावर फक्त दात सरळ करण्याचं तीन वर्षांचं शिक्षण म्हणजे एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स. आपल्याकडे होतं काय, दवाखाना कोपऱ्यावरच्या नेहमीच्या डॉक्टरचा असतो आणि ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एक-दोन ठरलेल्या दिवशी येतो. यात वाईट काही नाही, लहान गावात तर हाच एक मार्ग आहे. पण विचारून ठेवा की त्यांचं नाव काय, दर वेळी तेच बघणार का, आणि त्यांनी हा दवाखाना सोडला तर काय. कारण मध्येच डॉक्टर बदलला की नवीन माणूस जुन्याचा प्लॅन तसाच पुढे नेईल असं नाही, बरेचदा पहिल्यापासून पैसे मागतो. बदलीची नोकरी असेल तर आधीच सांगा आणि सोडून जावं लागलं तर झालेल्या कामापुरतेच पैसे घ्याल ना हे बोलून घ्या.

आणि आता पॅकेज. "चाळीस हजार" हा आकडा फ्लॅटच्या जाहिरातीतल्या किमतीसारखा असतो, पार्किंग आणि रजिस्ट्रेशन नंतर कळतं. त्यात एक्स-रे आणि साचे धरलेत का? दात काढायचे असतील तर ते, दर दाताचे पाचशे ते दीड हजार, यात की बाहेर? मध्ये दात साफ करायचे? स्क्रू लागला तर? ब्रॅकेट निघाली तर पुन्हा चिकटवायचे किती, कारण पहिल्या एक-दोन फुकट आणि मग प्रत्येकी दोनशे-पाचशे असं बरेच ठिकाणी असतं, आणि पोरं ब्रॅकेट पाडतात, पाडतातच. दोन वर्षांचे अडीच झाले तर जास्तीच्या महिन्यांचे वेगळे का? आणि सगळ्यात शेवटी रिटेनर, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायला देतात ते, यात आहे का? आधी प्लेट आणि मग तारा अशा दोन टप्प्यांत करायचं असेल तर पहिल्या टप्प्याचे पैसे दुसऱ्यात वळते होणार की नाही, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी बोलणं दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही, रिसेप्शनवरची मुलगीही बदललेली असते.

पैसे द्यायची जुनी पद्धत चांगली आहे, सुरुवातीला तिसरा हिस्सा वगैरे आणि मग दर भेटीला दोन-तीन हजार. हल्ली दवाखान्यात "नो कॉस्ट ईएमआय" म्हणून फॉर्म भरून घेतात, ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं हे समजून सही करा, डॉक्टरला पैसे एकदम मिळतात आणि ट्रीटमेंट अर्धवट राहिली तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो. डॉक्टरकडेच हप्ते बांधून मिळत असतील तर ते घ्या. आरोग्य विम्यातून तारांचे पैसे मिळतील ही आशा सोडून द्या, अपघातात जबडा-दात मोडले तर गोष्ट वेगळी, नाहीतर दातांचे उपचार बहुतेक पॉलिसीत बाहेरच ठेवलेले असतात. कंपनीच्या विम्यात ओपीडीचा भाग असेल तर एचआरला विचारा, एखाद-दुसऱ्याला थोडं काही मिळतं.

बजेट खरंच नसेल तर डेंटल कॉलेज. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं. खासगीच्या तुलनेत खर्च फारच कमी, काही हजारांत काम होतं. खासगी डेंटल कॉलेजं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. तिथे तुमच्या मुलाला बघणारा एमडीएस शिकणारा विद्यार्थी असतो, पण प्रत्येक पायरीवर प्राध्यापक सही करतो, आणि माझ्या मते कोपऱ्यावरच्या "आम्ही पण तारा लावतो" वाल्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. किंमत दुसऱ्या प्रकारे द्यावी लागते. नंबर लागायला थांबायचं, दर वेळी सकाळचा अख्खा दिवस, मुलाची शाळा आणि तुमची रजा बुडणार, आणि विद्यार्थी तीन वर्षांत पास होऊन गेला की केस पुढच्याकडे जाते. रोजंदारीवरच्या माणसाला ती रजा किती महाग पडते ते त्यालाच ठाऊक. सुरुवात करताना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे केस मिळाली तर तोच शेवटपर्यंत राहायची शक्यता जास्त.

परदेशात असलेले नातेवाईक विचारतात, सुट्टीत भारतात येऊन तारा लावून जाऊ का. अमेरिकेत पाच-सहा हजार डॉलर म्हटल्यावर मोह होणारच. पण दर महिन्याला दाखवायचं कोणाला? तिथला डॉक्टर दुसऱ्याने लावलेल्या तारा हातात घ्यायला फारसा उत्सुक नसतो. इंग्लंडमध्ये असाल तर आधी तिथेच विचारा, अठराच्या आतल्या मुलांना गरजेच्या मोजपट्टीत बसलं तर एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेकडून, फुकट होतं, फक्त रांग मोठी.

प्रकार कुठला घ्यावा यावर माझं मत साधं आहे, मुलांसाठी स्टील. मजबूत, स्वस्त, आणि हल्ली पोरांना त्यावरचे रंगीत रबर निवडायला मजा येते. सिरॅमिकची ब्रॅकेट पिवळी पडत नाही पण तिच्यावरचं पारदर्शक रबर आपल्या हळदीने दोन जेवणांत पिवळं धमक होतं, आणि पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत तसंच राहतं. सेल्फ लायगेटिंगमध्ये रबराऐवजी छोटं दार असतं, त्याने ट्रीटमेंट खूप लवकर संपते असं सांगतात, पण तुलना करून बघितलेल्या अभ्यासांत तसा मोठा फरक दिसलेला नाही. अलाइनर दिवसाला बावीस तास घालायचे असतात. तुमच्या मुलाला डबा खाऊन झाल्यावर चूळ भरून ते परत घालायचं आठवेल का, याचं उत्तर तुम्हालाच माहिती. आणि घरबसल्या साचा पाठवा, डॉक्टरला भेटायची गरज नाही, असल्या योजनांपासून लांब राहा. या धंद्यातली मोठी अमेरिकन कंपनी स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा ट्रीटमेंट चालू असलेली माणसं मधल्यामध्ये लटकली.

तारा लागल्यावर घरात काय बदलतं? पहिले तीन-चार दिवस वरण-भात, खिचडी, दूध-भाकरी कुस्करून. तार गालाला टोचली तर मेण मिळतं ते लावायचं. मग हळूहळू सगळं, फक्त चिक्की, उसाचं कांडं, कडक लाडू, चकली-कडबोळी, भाजलेले चणे, कणीस दाताने सोलून खाणं, बर्फ आणि पेनाचं टोपण बंद. संक्रांतीला तिळाची वडी मऊ करा. पेरू-गाजर बारीक चिरून चालतं. हे ऐकलं नाही की ब्रॅकेट निघते, आणि एकदा निघाली की तो दात महिनाभर जागेवर थांबतो, वर परत चिकटवायचे पैसे.

घासणं हा खरा जाच. ब्रॅकेटच्या भोवती अन्न अडकतं, नीट घासलं नाही तर तारा निघाल्यावर दातावर चौकोनी पांढरे डाग राहतात आणि ते पूर्ण जात नाहीत. दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट, तारेच्या खालून घालायचा छोटा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा ब्रश, आणि रात्री एकदा आईने किंवा बाबाने टॉर्च मारून बघणं, तेरा वर्षांचा घोडा झाला तरी. डॉक्टरने वर-खाली अडकवायचे रबर दिले असतील तर ते जेवण सोडून दिवसभर, नुसते रात्री घातले तर दात दिवसा मागे येतात आणि डॉक्टरला लगेच कळतं.

तारा निघाल्या की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि तिथेच घात होतो. हाड नवीन असतं, दाताभोवतीचे तंतू ताणलेले असतात आणि ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून रिटेनर. आतल्या बाजूने चिकटवलेली बारीक तार, किंवा काढता येणारी प्लेट, किंवा पारदर्शक ट्रे. पहिलं वर्ष सांगतील तसं जवळजवळ पूर्ण वेळ, पुढे रात्री, आणि रात्रीचं हे किती वर्षं तर खरं उत्तर आहे, जोवर दात सरळ हवेत तोवर. लोक नंतर अक्कलदाढेला दोष देतात की तिने ढकलले, पण बहुतेक वेळा रिटेनर कपाटात असतो. पारदर्शक ट्रे गरम पाण्याने धुवू नका, आकार बदलतो. हॉटेलात काढून टिश्यूत गुंडाळून ठेवला की वेटर ताटाबरोबर घेऊन जातो, आणि नवीन करायला दोन ते पाच हजार, म्हणून डबी दप्तरात हवीच. ट्रे दोन-चार दिवस घातला नाही आणि परत घालताना घट्ट लागला तर त्याच आठवड्यात दाखवा, घट्ट म्हणजे दात सरकायला लागलेत. बसेचना झाला तर जोर लावून बसवू नका, डॉक्टरला नवीन साचा घ्यावा लागेल, आणि खूप सरकले असतील तर पुढच्या चार-सहा दातांना काही महिन्यांच्या तारा परत.